खुल्या जाळ्यात बड्या कंपनीला किती जागा द्यावी?

जुलै २०२३ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने ट्विटरसारखे थ्रेड्स सुरू केले आणि पुढे ते मॅस्टोडॉनच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमाच्या, जाळ्याशी जोडण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा मॅस्टोडॉनचे लहान-लहान सर्व्हर पदरमोड करून चालवणाऱ्या अनेकांनी थ्रेड्सला आधीच ब्लॉक करण्याची प्रतिज्ञा केली. हा सोवळेपणा आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला मात्र ते बरोबर वाटतात, आणि त्याचे कारण जॅबर या गप्पांच्या खुल्या व्यवस्थेच्या इतिहासात आहे.

१९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर जगापुढे ठेवले. कोणीही आपला सर्व्हर उभारावा आणि ईमेलप्रमाणे दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरवरच्या माणसाशी गप्पा माराव्यात, अशी त्याची रचना होती. २००५ मध्ये आलेले, जीमेलच्या खात्यावरून गप्पा मारण्याचे गूगल टॉक याच पद्धतीवर बांधलेले होते आणि २००६ च्या जानेवारीत गूगलने इतर सर्व्हरसाठी दार उघडले. जॅबरवाल्यांना झालेला आनंद खरा होता, कारण जीमेलवरचे सगळे मित्र एकाएकी त्यांच्या टप्प्यात आले. पण संवादाचा मोठा भाग गूगलच्या बाजूला गेल्यावर सुधारणांचा वेगही गूगलच्या मर्जीवर ठरू लागला. दोन सर्व्हरमधला संवाद कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा, असावा, ही साधी अपेक्षासुद्धा गूगलचे सर्व्हर पूर्ण करत नव्हते. तिचा आग्रह धरायचा तर जीमेलवरच्या मित्रांना मुकावे लागणार होते. मे २०१३ मध्ये गूगलने गूगल टॉकच्या जागी हँगआउट्स आणले आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरला जागाच ठेवली नाही. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. जॅबर आजही चालू आहे, पण ज्यांचे बहुतेक मित्र जीमेलवर होते, त्यांना तिकडे जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्याआधीच्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्याचे उदाहरण थोडे वेगळे आहे. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचलेल्या या जाळ्याला मालकच नव्हता. एक संगणक दुसऱ्याला फोन लावून साठलेला मजकूर पुढे पोचवत असे. पुढे त्यावर मराठी माणसांचाही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट झाला. या जुन्या लेखनाचा मोठा संग्रह डेजा न्यूज या कंपनीने केला आणि २००१ मध्ये तो गूगलने विकत घेतला. इतक्या लोकांनी विनामूल्य लिहिलेल्या मजकुराची स्मृती एका कंपनीच्या कपाटात गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

‘ईमेल तर जीमेल येऊनही टिकले’, असे यावर सांगितले जाते. टिकले खरे, पण स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला विचारा, त्याची किती पत्रे जीमेलच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

माणसे जिथे असतात तिथेच माणसे जातात, हीच मोठ्या कंपनीची खरी ताकद आहे. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने निलंबित केल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातले पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले. पण ज्यांना वाचायचे ती माणसे ट्विटरवरच राहिल्यामुळे त्यांतले बरेच जण परतले. म्हणून प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत, खुला असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात, ही मॅस्टोडॉनची उणीव आधी दूर व्हायला हवी, आणि कोणाशी जोडून घ्यायचे नाही हे ठरवण्याचा लहान सर्व्हरचा हक्क अबाधित राहायला हवा. जे मॅस्टोडॉनवर आहेत, त्यांनी आपल्या सर्व्हरचा खर्च कोण उचलतो हे विचारून जमेल तेवढी वर्गणी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.