सोलापुरातून हर्णैचा जनरेटर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सोलापुरात बसून दापोलीजवळच्या हर्णैच्या घराला पाच केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता) जनरेटर सुचवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. इन्व्हर्टर पुरतो, फारच झालं तर दोन केव्हीए. वादळात पेट्रोल मिळणार कुठून? आणि चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) म्हणजे वायरमनची कमाई.

इन्व्हर्टर पुरतो हा आपला सोलापुरी हिशेब झाला. इथं लाइट जाते ती काही तास. इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी रात्र काढते, लाइट आली की पुन्हा भरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे खांबच आडवे झाले, कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बॅटरी भरायची कशावर?

पाच केव्हीए मी सांगितले ते पाण्यासाठी. बोअरमधली एक एचपीची सबमर्सिबल चालताना किलोवॅटभर घेते, पण सुरू होताना त्याच्या काही पट ओढते. दोन केव्हीएचा संच तिथं घुरघुरून बसतो. पाच केव्हीएचेही ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) चारच किलोवॅट होतात. विहिरीवर रहाट असेल तर तुमचे दोन केव्हीए बिनशर्त मान्य!

पेट्रोलचं तुम्ही बरोबर धरलंत. वीज गेली की पेट्रोल पंपही अडतात, आणि घरी विनापरवाना ३० लिटरच ठेवता येतं. तासाला दीड लिटर धरा, वीस तास झाले. म्हणून रोज दोनच तास चालवायचा : पाण्याची टाकी भरायची, फ्रिज गार करायचा, बॅटरीत जाईल तेवढं घालायचं. दहा दिवस निघतात.

चेंजओव्हरवर मात्र तडजोड नाही. तो न लावता जनरेटरची दोन्हीकडे पिना असलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसली की आपली वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पलीकडच्या ११ केव्ही (अकरा हजार व्होल्ट) लाइनवर चढते. तिथं खांबावर वायरमन असतो. अर्थिंगही आपल्या काळ्या मातीसारखं सहज मिळेल असं समजू नका. जांभ्यात ते मोजूनच घ्यावं लागतं. आणि पाऊस कितीही असो, संच पडवीत घेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगणात, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या ठेवा.

बोअरच्या पंपाच्या पाटीवरचा एचपी आणि अँपिअर पाहून कळवा. अर्धा एचपी निघाला तर केव्हीएचा आकडा खाली आणू.