पीआरपीनं मणक्याची गादी ‘भरून’ येते का?

सोयाबीन सोंगून, फवारणीचा पंप पाठीवर वागवून कंबर धरलेल्या कास्तकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘आपल्याच रक्तातलं पीआरपी मणक्यात सोडा. गादी पुन्हा भरते, हे सिद्ध झालंय, साइड इफेक्ट शून्य, ऑपरेशन कायमचं टळतं.’ (गादी म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती.) तो वाचून माणसं वावर गहाण ठेवायची भाषा करतात, म्हणून हे लिहितो.

गादी भरते? रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट दाटलेला पिवळसर भाग सुईनं गादीत सोडतात, तेच पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). जखम भरून यायला मदत करणारे घटक त्यात असतात, हे खरं. पण मोठ्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्याच नसतात. वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपेल तेवढंच पोषण तिला मिळतं आणि वयाबरोबर तेही आटतं. म्हणून हातावरचा विळ्याचा घाव भरतो, तशी ती भरत नाही. या इंजेक्शननं माणसाची झिजलेली गादी पूर्ववत होते, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मग ‘सिद्ध झालंय’ ते काय? २०१६ चा एक अमेरिकन अभ्यास, ४७ जणांचा. पीआरपी घेतलेल्यांना आराम पडला, पण पीआरपी घेतलेला आणि न घेतलेला अशा दोन गटांची खरी तुलना आठच आठवड्यांची. पुढे दुसऱ्या गटालाही पीआरपी घ्यायची मुभा होती. २०२२ मध्ये २६ जणांवरच्या चाचणीत सलाईनच्या इंजेक्शनपेक्षा ठळक फरक दिसला नाही. एवढ्याशा पुराव्यावर कुणी छातीठोक हमी देत असेल, तर मला त्याची चीड येते.

साइड इफेक्ट शून्य, हेही खोटं. रक्त आपलं असलं तरी सुई बाहेरची. गादीत जंतू शिरले तर तिथवर औषध नीट पोचत नाही आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. तपासणीसाठी सुई टोचलेल्या गाद्या दहा वर्षांत जास्त झिजल्याचं २००९ मध्ये दिसून आलं आहे.

राहिलं ऑपरेशन. बहुतेकांना ते तसंही लागत नाही. औषध, व्यायाम आणि थोडा काळ यांनी कळ ओसरते. एमआरआयवर ‘गादी झिजली’ वाचून घाबरू नका, काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या दहांपैकी आठांच्या गाद्या तशाच दिसतात. मात्र पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, तर ना पीआरपी ना मालिश. त्याच दिवशी सेवाग्रामचा मोठा दवाखाना किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज गाठा.