पाचव्या मिनिटाची पनवती

चाकणच्या एका कारखान्यात बसवलेली आमची मशीन रोज सकाळी चालू केली की पाचव्या मिनिटाला बंद पडायची. पडद्यावर लाल अक्षरात ‘सेन्सर प्रतिसाद देत नाही’. रिसेट दाबून तो इशारा पुसला की रात्रीपर्यंत मुकाट चालायची. मी ऑपरेटरमामांना फोनवर विचारलं, “घड्याळ लावून बघितलंत का?”

“घड्याळ कशाला, साहेब? मशीन चालू करतो, गणपतीला उदबत्ती लावतो, तंबाखू मळतो. चिमूट तोंडात टाकली की ही बसलीच. मग मी बाहेर जाऊन थुंकून येतो, रिसेट मारतो.”

त्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. रिअल-टाइम लिनक्स या संगणकप्रणालीवरचा. रिअल-टाइम म्हणजे धावपळ नव्हे. ठरल्या मुहूर्ताला अक्षता पडल्या पाहिजेत, एवढंच. आमचा मुहूर्त दर मिलिसेकंदाला असतो.

ऑफिसात माझ्या टेबलावरचा बोर्ड, म्हणजे मशीनमधल्या छोट्या संगणकाचा जुळा भाऊ, मात्र गुणी बाळासारखा चालत होता. बारा दिवस बंद केलाच नव्हता. बूट व्हायला, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू व्हायला, वेळ फार घेतो, म्हणून मी कोड बदलला की फक्त ड्रायव्हर काढायचो आणि परत चढवायचो. “माझ्याकडे तर चालतंय,” असं मी साहेबांना सांगितलं. आमच्या धंद्यात हे वाक्य बोलून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

मग मी तेच केलं जे प्रत्येक घाबरलेला माणूस करतो. कोडात जागोजागी प्रिंट-के, म्हणजे एकेक ओळ बाहेर छापणाऱ्या आज्ञा, पेरले. ‘इथे आलो’, ‘इथेही आलो’, ‘अजून जिवंत आहे’. आता ऐंशी अक्षरांची एक ओळ सेकंदाला ११५२०० बिट वेगाच्या सिरियल केबलमधून बाहेर पडायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक मिलिसेकंदाच्या मुहूर्तात सात मिलिसेकंदांचं मंगलाष्टक! लग्नात एक मावशी असतेच, स्वतः रचलेलं, नवऱ्याकडच्या सगळ्यांची नावं गुंफलेलं म्हणणारी. तिच्यापायी मुहूर्त टळतो आणि दोष गुरुजींना. माझंही तसंच झालं. टेबलावरचा बोर्डही उशीर करायला लागला, मी आनंदाने ओरडलो, “सापडलं!” आणि पुढचे दोन दिवस मीच पेरलेल्या उशिराचा तपास केला.

त्यानंतर संशय कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर. रिअल-टाइम कामांनी सगळा प्रोसेसर गिळू नये म्हणून कर्नल त्यांना मुळात सेकंदातले ९५० मिलिसेकंदच देतो, उरलेले ५० इतरांसाठी राखीव. पण माझं काम बिचारं चिमणीएवढं खाणारं. उशीर मोजणारी सायक्लिकटेस्ट नावाची चाचणी रात्रभर लावून ठेवली. सर्वांत वाईट उशीर ८३ मायक्रोसेकंद. इतकं वक्तशीर आमच्या घरात कोणी नाही.

शेवटी पहाटे उठून, नाशिक रस्त्यावरचे ट्रक चुकवत चाकण गाठलं. मशीन चालू झाली. उदबत्ती लागली. मामांनी चुन्याची डबी उघडली. मी लॅपटॉपवर लॉग, म्हणजे ड्रायव्हरची रोजनिशी, उघडून बसलो. चिमूट ओठापर्यंत गेली आणि लाल दिवा!

लॉगमध्ये सेन्सरला प्रश्न विचारल्याची वेळ २९८.४ सेकंद. ‘दोन सेकंद वाट पाहिली, उत्तर नाही’ या शेऱ्याची वेळही २९८.४ सेकंद. माझ्या ड्रायव्हरने प्रश्न विचारला आणि त्याच श्वासात वाट पाहून मोकळा झाला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. बूट झाल्यापासून किती ठोके पडले हे कर्नल जिफीज नावाच्या आकड्यात मोजतो. आमच्या बोर्डावर सेकंदाला २५० ठोके, आकडा ३२ बिटांचा, म्हणजे चार अब्जांच्या थोडं पुढे जाऊन भरणारा. तो भरून परत शून्यावर यायला साधारण १९९ दिवस लागतात. तेवढे दिवस टेबलाशी बसून चाचणी कोण करणार? म्हणून कर्नलवाल्यांनी मोजणी शून्यापासून सुरूच केलेली नाही. आकडा भरायला ३०० सेकंद कमी असतील तिथून ती सुरू होते. म्हणजे बूटनंतर पाचच मिनिटांत आकडा पलटी खातो आणि गाफील ड्रायव्हरवाला टेबलावरच पकडला जातो. सापळा खास माझ्यासारख्यांसाठी लावलेला होता. बारा दिवसांपूर्वी तो टेबलावर मिटला तेव्हा माझा ड्रायव्हर चढलेलाच नव्हता.

मी ‘आता मोठं की मुदत मोठी’ असं साध्या मोठ्याच्या चिन्हाने तपासलं होतं. मुदत दोन सेकंद पुढची, म्हणून ती आधी पलटी खाऊन शून्यापाशी गेली. ‘आता’ अजून चार अब्जांवर. मुदत टळली, असा निकाल लगेच! तिथे कर्नलचं टाइम-आफ्टर हे तयार साधन वापरायचं असतं. ते वजाबाकी करून उत्तराचं चिन्ह बघतं, पलटीला भीत नाही. बदल एका ओळीचा.

साहेबांना हे फोनवर समजावताना “पण वेळ उणे कशी असेल?” इथेच अर्धा तास गेला. मामा शेजारी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “गाडीचं मीटर फिरून शून्यावर आलं, आणि तुम्हाला वाटलं गाडी मागं गेली. तेच ना?”

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर चढवून आम्ही दोघं मशीनसमोर उभे. पाचवं मिनिट गेलं. सहावं गेलं. सातवं. मशीन चालूच. मी विजयी मुद्रेने मामांकडे पाहिलं. त्यांचे गाल फुगलेले, तोंड वर केलेलं, डोळ्यांत कळवळा. हाताने दाराकडे खूण करत ते कसेबसे म्हणाले, “शायेब, ही बशल्याशिवाय जागा शोडता येत नाय...”