‘उलटा करा, झालं’ एवढ्यावर पाण्यातलं प्रतिबिंब भागत नाही

दादा, प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की, फोटोत पाणी घालताना वरचं चित्र उलटं करून खाली चिकटवलं म्हणजे ते प्रतिबिंब होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बीड-परभणीकडं प्री-वेडिंगचे अल्बम करणाऱ्याला एवढा वेळ नसतो. फ्लिप करा (म्हणजे चित्र उलटं करा), ओपॅसिटी (चित्राचा दाटपणा) पन्नास टक्क्यांवर आणा, रिपल (चित्रात लाटा उठवणारा फिल्टर) मारा, काम संपलं. गिऱ्हाईक असलं काही बघत नाही. शिवाय ‘पांढऱ्या वस्तूचं प्रतिबिंब गडद दिसतं’ असं मी लिहिलं, तर तुमच्या नाथसागरावरच्या (जायकवाडीच्या जलाशयावरच्या) फोटोत काळ्या नावेचं प्रतिबिंब नावेपेक्षा उजळ आलंय, मग माझा नियम कुठं गेला? आणि शेवटी, या सगळ्याला महागडं फोटोशॉप लागतं, ते लहान स्टुडिओला परवडत नाही.

गिऱ्हाईक बघत नाही, हे मला पटत नाही. मराठवाड्यात तर मुळीच नाही. आपल्याकडं पावसाळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा जायकवाडीत किती टक्के पाणी आलं याचीच चर्चा चालते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पोरींची आज लग्नं होतायत. ही माणसं जन्मभर पाण्याकडं बघत आलीत, त्यांची नजर पाण्याच्या बाबतीत कच्ची नसते. चूक नेमकी कुठं आहे ते त्यांना सांगता येत नाही, एवढंच. ती म्हणतात, ‘फोटो भारी हाय, पण कायतरी चिकटवल्यावानी वाटायलंय.’ हे ऐकलं की आपण चेहऱ्याचा रंग बदलतो, ब्राइटनेस वाढवतो, आणि खोट मात्र पाण्यातच राहते. उन्हाळ्यात तळी आटतात आणि लग्नसराईही तेव्हाच, त्यामुळं फोटोत पाणी घालायचं काम आपल्याला टळत नाही. टळत नाही तर ते नीट करावं, असं माझं सरळ मत आहे.

आता मूळ मुद्दा. प्रतिबिंब म्हणजे त्याच दृश्याचा दुसऱ्या जागेवरून घेतलेला फोटो. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे, तितकाच खोल पाण्याखाली दुसरा कॅमेरा आहे असं धरा. त्याला वर बघताना जे दिसेल, तेच प्रतिबिंबात उलटं होऊन येतं. म्हणून पुलाची खालची बाजू, छत्रीच्या आतल्या काड्या, हनुवटीखालचा भाग हे पाण्यात दिसतं आणि वरच्या फोटोत नसतं. जे फोटोत मुळात आलंच नाही ते फ्लिप करून कुठून येणार?

हिशेबच करून बघा. कॅमेरा पाण्यापासून ५ फूट उंच. समोर २० फुटांवर, घोट्याभर पाण्यात, ५ फुटांची नवरी. तिच्या मागं पाणी पसरलेलं आणि ३०० फुटांवर पलीकडच्या काठाला ३० फुटांचं लिंबाचं झाड. फोटोत नवरीचं डोकं जवळपास क्षितिजाच्या रेषेला लागतं, आणि झाडाचा शेंडा तिच्या डोक्याच्याही वर जातो, तिच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका. आता हे अख्खं चित्र तिच्या पायाशी फ्लिप केलं की झाड तिच्या उलट्या डोक्याच्याही खाली उतरतं. प्रत्यक्षात काय होतं? झाडाचं प्रतिबिंब पलीकडच्या काठाशी सुरू होतं आणि फोटोत नवरीची कंबर जिथं दिसते त्या उंचीच्या आसपास संपतं. तिच्या पायांपर्यंतसुद्धा ते येत नाही. तिच्या उलट्या डोक्याभोवती निव्वळ आभाळ असतं. म्हणजे आपण जिथं झाड चिकटवलं तिथं झाड असूच शकत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला खुपतं ते हेच.

उपाय काही अवघड नाही. नवरी एका लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) घ्या, झाड आणि काठ दुसऱ्या लेयरवर. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पाणरेषेशी (जिथं ते पाण्याला टेकतं तिथं) उलटं करा, नवरीला तिच्या घोट्याशी आणि झाडाला पलीकडच्या काठाशी, आणि नवरीचा लेयर वर ठेवा. वस्तू काठापासून आत असेल किंवा काठच उंच असेल, तर पाणी त्या वस्तूच्या खालपर्यंत पोचलं असतं तर कुठं लागलं असतं ती रेषा धरायची. मग पायथ्याचा काही भाग आपोआप काठाआड जातो. बीडच्या कंकालेश्वराचं देऊळ पाण्याच्या मधोमध आहे. तिथं पाणरेषा थेट दगडालाच लागते, सरावाला फार चांगली जागा. बीबी का मकबऱ्याची इमारत मात्र उंच चौथऱ्यावर आहे आणि समोरच्या हौदांपासून मागं. तिथं चौथऱ्याच्या कडेशी घुमट उलटा केला की फसलात.

तुमची रीत एका ठिकाणी बरोबर ठरते, हेही सांगतो. कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवलेला असेल तर वरचा आणि खालचा कॅमेरा एकाच जागी येतात आणि साधं फ्लिप चालून जातं. म्हणून शूटिंगच्या वेळी उभ्यानं फोटो काढून झाला की खाली बसून, कॅमेरा जमिनीजवळ नेऊन, त्याच पोझचा आणखी एक काढून ठेवत जा. प्रतिबिंबासाठी तोच वापरायचा. साडीच्या निऱ्या आणि हनुवटी खालच्या बाजूनं हव्यात तशा मिळतात.

आता तुमची नाव. तुमचा दाखला खरा आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याच्या बाजूचा आहे. पाणी पडलेल्या प्रकाशातला काहीच भाग परत पाठवतं, म्हणून पांढरी भिंत पाण्यात मळकी दिसते. पण पाणी गढूळ असलं की त्यातला गाळ स्वतः उजळलेला असतो आणि त्याचा उजेड प्रतिबिंबात मिसळतो. म्हणून काळी नाव पाण्यात तपकिरी, फिकट दिसते. उजळ ते गडद आणि गडद ते उजळ, दोन्ही एकाच वेळी होतं. त्यासाठी कर्व्ह्जमध्ये (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या साधनात) काळं टोक थोडं वर घ्या, पांढरं टोक खाली, आणि काठाजवळच्या पाण्याचा रंग उचलून त्याची हलकी झाक द्या. भाद्रपदातली गोदावरी आणि माघातली गोदावरी यांची झाक एक नसते, ते सांभाळा. गढूळ पाण्यावर माणसाची सावलीही पडते, नितळ पाण्यावर ती जवळपास दिसत नाही. हे विसरलं की फोटो हमखास फसतो.

ओपॅसिटी पन्नासचं म्हणाल तर ती सगळीकडं सारखी ठेवणं हीच अडचण आहे. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. पाण्याशी ३० अंशांच्या तिरक्या नजरेत सुमारे ६ टक्के, आणि १० अंशांवर आलं की एकदम ३५ टक्क्यांच्या घरात. म्हणून आपल्या पायाजवळच्या पाण्यात तळ किंवा गाळ दिसतो आणि लांबचं पाणी आरशावानी चमकतं. प्रतिबिंबाला मास्क (चित्राचा भाग झाकणारा पडदा) लावून त्यावर ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारी छटा) ओढा, लांब घट्ट आणि जवळ विरळ. एवढ्या एका गोष्टीनं तुमचे निम्मे फोटो सुधारतील याची मला खात्री आहे.

रिपल फिल्टर मात्र मी वापरूच नका म्हणेन. तो लांबच्या आणि जवळच्या लाटा एकाच मापाच्या करतो. लाटा जवळ मोठ्या आणि लांब बारीक दिसायला हव्यात, आणि लाटांमुळं प्रतिबिंब आडवं पसरण्यापेक्षा उभं जास्त ताणलं जातं. नांदेडला रात्री गोदावरीच्या घाटावर उभं राहून पलीकडचे दिवे बघा, एकेका दिव्याची पाण्यात उभी लांब पट्टी झालेली असते. त्यासाठी डिस्प्लेस फिल्टर आहे, तो चित्राचे भाग जागचे सरकवतो. खऱ्या पाण्याचा काळापांढरा फोटो नकाशा म्हणून द्यायचा. त्यात १२८ चा मधला करडा रंग म्हणजे जागचं हलू नको, त्याहून उजळ-गडद भाग एका किंवा दुसऱ्या बाजूला सरकतात. उभं सरकणं जास्त ठेवा, आडवं कमी. शेवटी ९० अंशांचा, म्हणजे उभ्या दिशेचा, थोडा मोशन ब्लर (एका दिशेनं पुसट करणं), तोही पाणरेषेपासून दूर जाईल तसा वाढत. पाणरेषेशी प्रतिबिंब स्पष्टच राहिलं पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर अल्बमच्या प्रत्येक फोटोला हे करायची गरज नाही. पाणी कडेला पट्टीएवढंच असेल तर फ्लिप करून मोकळे व्हा. अख्ख्या पानावर जाणारा फोटो असेल तिथं मात्र अंग चोरू नका.

आणि फोटोशॉप नसलं तरी अडत नाही. गिंप (GIMP) हे तसंच फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात लेयर, मास्क, ग्रेडियंट, कर्व्ह्ज सगळं आहे, आणि डिस्प्लेस फिल्टर्सच्या मेनूत मॅप या गटात सापडेल. मोशन ब्लरही तिथल्याच ब्लरच्या गटात आहे. नाथसागराचा तो फोटो मूळ फाइलसकट पाठवलात तर त्याच्यावरच पुढचा लेख करू, नावेची पाणरेषा कुठं धरायची इथपासून.