नियमित होण्याआधीचा अनियमितपणा

पाळी वेळेवर यावी आणि दुसरं कुणी अवेळी येऊ नये, अशा दुहेरी हेतूने मी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. पाकीट बघूनच भरून आलं. 28 गोळ्या, वर वारांची नावं, पुढची कुठली हे दाखवणारे बाण. पहिल्या 21 कामाच्या आणि शेवटच्या 7 बिनकामाच्या, केवळ रोजची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या. इतका नेटका कारभार माझ्या शरीरात पहिल्यांदाच शिरत होता. वाटलं, आता सगळं बाणाच्या दिशेने होणार.

पहिल्या पाकिटाच्या ऐन मध्यात डाग दिसला. तपकिरी, जेमतेम. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी गुलाबी. मग पुन्हा तपकिरी. याला पाळी म्हणावं तर पोट दुखत नाही, नाही म्हणावं तर पॅड सुटत नाही. खऱ्या पाळीचे निदान काही मान-मरातब असतात. ‘आज मला कुणी काही सांगू नका’ असं हक्काने म्हणता येतं. स्पॉटिंगवाल्या बाईला कसलाच हक्क नाही. तिने आपली काळी पॅन्ट घालून निमूट कामाला जावं. माझ्या कपाटातले फिके कपडे तर त्या काळात सेवानिवृत्तच झाले होते.

नवरा बिचारा सहानुभूतीने विचारायचा, “अगं, संपलं का?” सुरूच झालं नसेल तर संपेल कसं, हे त्याला समजावताना माझाच गोंधळ व्हायचा.

पण खरे हाल झाले मोबाइलमधल्या पाळीच्या ॲपचे. तिथे रक्तस्राव कमी, मध्यम किंवा जास्त असू शकतो. ‘आहे म्हटलं तर आहे’ हा पर्याय नाही. मी प्रामाणिकपणे प्रत्येक डागाची नोंद केली. ॲपने प्रत्येक डागाला नवी पाळी मानलं आणि जोरदार गणित मांडलं. त्या गणितानुसार माझी पुढची पाळी कालच येऊन गेली होती.

मैत्रिणीला फोन केला. “अगं, बंद करून टाक त्या गोळ्या!” इति मैत्रीण. हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि फार वाईट आहे. पाकीट मध्येच सोडलं की रक्तस्राव आणखी होऊ शकतो, आणि गर्भधारणेपासूनचं संरक्षण जातं ते वेगळंच. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी धास्तावून विचारलं होतं, “म्हणजे गोळी लागू पडत नाहीये का?” त्या म्हणाल्या, “रोज वेळेवर घेताय ना? मग डाग पडले तरी गोळी तिचं काम करतेय. साधारण तीन महिन्यांत बसतं हे.” तीन महिने! त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, जणू रांगेत तीन मिनिटं थांबायचं होतं.

कारण मात्र त्यांनी नीट समजावलं. एरवी इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि महिन्याअखेर एकदम गळून पडतं. गोळीतलं प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन ते अस्तर वाढूच देत नाही. मग ते पातळ अस्तर आणि त्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या जुन्या गिलाव्यासारख्या वागतात. अधूनमधून आपोआप एखादा पोपडा सुटतो. गोळीत प्रोजेस्टिनच्या जोडीला थोडं इस्ट्रोजेनही असतं; ते जितकं कमी, तितके पोपडे जास्त. हल्लीच्या बहुतेक गोळ्यांत ते 20 ते 35 मायक्रोग्रॅम असतं. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या ‘एनोव्हिड’मध्ये मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होतं. ते पुढे कमी केलं ते रक्तात गुठळ्या होण्याच्या धोक्यामुळे, तेव्हा माझी तक्रार नाही.

गंमत म्हणजे ते मेस्ट्रॅनॉल गोळीत आलं तेच चुकून. 1950 च्या दशकात गोळीचे एक जनक, अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि मंडळी नुसत्या प्रोजेस्टिनवर प्रयोग करत होती. त्यात थोडी इस्ट्रोजेनची भेसळ असल्याचं लक्षात आलं. शास्त्रज्ञच ते, त्यांनी भेसळ काढली. लगेच प्रयोगातल्या बायकांना मधेच रक्तस्राव व्हायला लागला. मग काढलेली भेसळ मोजूनमापून परत घातली आणि तिला औषध म्हटलं. हे वाचून मला त्या अनोळखी बायकांचा भयंकर जिव्हाळा वाटला. त्यांच्याकडे तर ॲपही नव्हतं.

गोळी रोज त्याच वेळी घ्यायची, कारण चुकली की डाग वाढतात. उलट्या-जुलाब झाले किंवा क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, फिट्सची काही औषधं चालू असली तरी तेच. म्हणून मी मोबाइलवर गजर लावला आणि चारचौघांत शोभेल असं नाव दिलं: ‘फाइल पाठवणे’. आता शेजारचा सहकारी रोज संध्याकाळी काळजीने विचारतो, “मॅडम, गेली का फाइल?” मी पाण्याचा घोट घेऊन म्हणते, “आत्ताच गेली.”

तीन महिन्यांनंतरही थांबलं नाही, रक्त पाळीसारखं भरभरून जायला लागलं, पोटात दुखलं किंवा संबंधांनंतर रक्त दिसलं, तर परत यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. डाग विरळ होत गेले, आणि एका पाकिटात तर चक्क फक्त बिनकामाच्या गोळ्यांच्या आठवड्यातच रक्तस्राव झाला. शहाण्यासारखा आला, शहाण्यासारखा गेला. हा आठवडा म्हणजे खरी पाळी नव्हेच. हार्मोन थांबल्यामुळे होणारा तो रक्तस्राव, हेही मला तोवर कळलं होतं.

ॲपला कळलं नव्हतं. त्याने पडद्यावर फुगे सोडले आणि लिहिलं, “अभिनंदन! तुमची पाळी आता नियमित आहे.”