हसायला काय आलं त्यात?

आज हनुमान जयंती, ६ एप्रिल २०२३. सकाळी सोसायटीच्या देवळात सुंठवड्याचा द्रोण हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीचा ग्रुप. व्हिडिओ. मशिदीच्या आत काळोख, मध्येच टॉर्चचा झोत, खाली पडलेल्या माणसांना पोलीस काठ्यांनी हाणतायत आणि मागून बायकांच्या किंकाळ्या. जेरुसलेमची अल-अक्सा मशीद. खाली एका गृहस्थांनी लिहिलंय, 'याला म्हणतात ट्रीटमेंट!' आणि त्याखाली डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे ते पिवळे चेहरे. मोजले मी. अकरा जणांनी टाकले होते. त्यातले चौघं त्या क्षणी माझ्यासमोर, माझ्यासारखाच द्रोण हातात धरून उभे होते.

ग्रुपवर मी काही बोलले नाही. भित्री आहे, मान्य. तिथे बोललं की पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं माझ्यावर निघतं. म्हणून इथे लिहितेय. इथे तुम्ही आहात, तुम्हाला मार खाणाऱ्या माणसाला हसू नये हे सांगावं लागत नाही.

मी त्या जागी गेलेय. तीर्थयात्रेला वगैरे नाही. आईची अलिबागची शेजारीण, आमच्या भाषेत शनवार तेली, म्हणजे कोकणातली बेने इस्रायली ज्यू, साठच्या दशकात लग्न होऊन इस्रायलला गेली ती तिकडचीच झाली. लोदला राहते. मी तिला मावशीच म्हणते. २०१८ च्या नोव्हेंबरात तिच्याकडे आठ दिवस राहिले होते, तेव्हा एक दिवस एकटीच बस पकडून जेरुसलेमला गेले. अल-अक्सा उंच चौथऱ्यावर आहे, तिथेच पूर्वी ज्यूंचं मंदिर होतं. मावशी आली नाही. म्हणाली, "मी नाय गो वर जायची. देवळाचा गाभारा कुठं होता कोणाला ठावं, नको तिथं पाय पडायचा." खरंच, वर जायच्या रस्त्याच्या तोंडाशी तिथल्या मुख्य रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, बोर्डच आहे, की धर्माज्ञेप्रमाणे ज्यूंनी इथे प्रवेश करू नये. कित्येक कर्मठ ज्यू आजही वर पाय ठेवत नाहीत. हे आमच्या ग्रुपवरच्या 'इस्रायलप्रेमीं'ना कोणी सांगितलंय का, देव जाणे.

मुसलमान नसलेल्यांना वर जायला एकच वाट, ज्यू जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीशेजारचा लाकडी चढाव. तिथे बॅगा तपासतात. माझ्या पर्समध्ये आईची स्तोत्रांची पुस्तिका असते, हळदीचे डाग पडलेली, पिना निघालेली. पोलिसाने ती काढली, उलटसुलट केली, देवनागरीकडे पाहत राहिला आणि विचारलं, "प्रेयर?" मी हो म्हटलं. ती तिथेच ठेवून घेतली. प्रार्थनेचं काही वर न्यायचं नाही, असा तेव्हाचा नियम. तो उर्मटपणे वागला नाही, हेही सांगायला हवं. पण वरच्या त्या एवढ्या मोठ्या फरसबंदीवर, सोनेरी घुमटासमोर उभी असताना अर्धं लक्ष पुस्तिकेत होतं. आईचं अक्षर आहे हो तिच्यात.

तर ती जागा. साधारण ३५ एकरांचा चौथरा. ज्यू त्याला हर हबाईत म्हणतात, मुसलमान हरम अल-शरीफ. ज्यूंचं दुसरं मंदिर इथेच होतं, इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते पाडलं. 'इथे मंदिर नव्हतंच' म्हणणारे लोक धादांत खोटं बोलतात, झालं समाधान? सोनेरी घुमटाची इमारत सातव्या शतकाच्या शेवटची, म्हणजे तीही तेराशे वर्षांहून जुनी. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने जुनं शहर जिंकलं, तेव्हा सैनिकांनी घुमटावर झेंडा लावला होता. संरक्षणमंत्री मोशे दायानने तो उतरवायला लावला आणि कारभार जॉर्डनच्या देखरेखीखालच्या वक्फकडेच राहू दिला. सुरक्षा इस्रायलची, प्रार्थना मुसलमानांची, बाकीच्यांनी यावं, बघावं आणि जावं. एक डोळा गमावलेल्या त्या सेनापतीला जे दिसलं ते पुढच्या दोन डोळेवाल्यांना दिसेना. (त्याच आठवड्यात पश्चिम भिंतीपुढचा अख्खा मगरबी मोहल्ला बुलडोझरने सपाट केला, तेव्हा त्याला संत करायलाही नको.)

मी बाहेर पडले ती साखळी दरवाजाने, बाब अस्-सिलसिला. तिथे उंबऱ्यातच पोलीस. बाजूला छोटं टेबल आणि टेबलावर ओळखपत्रांचे गठ्ठे, रबरबँड लावलेले. आत जाताना काही जणांचं कार्ड ठेवून घ्यायचं, बाहेर आल्यावर परत द्यायचं. एक म्हातारी उभी होती. माझ्या आईएवढी. काळा झगा, एका हातात तिळाच्या त्या लांबट पावाची पिशवी, दुसऱ्या हाताची बोटं एकमेकांवर घासत ती पोलिसाला म्हणत होती, "हविय्या, हविय्या." म्हणजे ओळखपत्र. तिचं कार्ड सापडत नव्हतं. पोरगा, वीस-एकवीसचा असेल, एक गठ्ठा सोडायचा, पत्त्यासारखा पिसायचा, पुन्हा बांधायचा. मग ओरडायला लागला. तिच्यावरच. ती ओरडली नाही. नुसती उभी. ते कार्ड हरवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पूर्व जेरुसलेमच्या बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व नाही, नुसता रहिवासाचा हक्क आहे आणि तोही काढून घेता येतो. हजारोंचा काढून घेतलाय. ते कार्ड म्हणजे तिचं घर.

शेवटी पाऊण तासाने सापडलं. टेबलाखाली पडलं होतं.

हा पाऊण तास माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आज तो व्हिडिओ पाहतानाही मला ती म्हातारीच दिसली. आणि आता माझा पारा चढतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मंगळवारी रात्री झालं काय? रमजान चाललाय. तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची नमाज झाल्यावर काही लोक मशिदीतच थांबले, एतिकाफला, म्हणजे तिथेच राहून उपासना करायला. बुधवारी संध्याकाळी ज्यूंचा वल्हांडण सण सुरू होणार. काही माथेफिरू मंडळी या सणाचा बळी म्हणून चौथऱ्यावर बोकड कापायची भाषा करत होती, त्यासाठी बक्षिसं लावत होती. म्हणून लोक मशीद सोडायला तयार नव्हते. पोलीस म्हणतात, आत तरुणांनी फटाके, दगड, काठ्या जमवून दारं लावून घेतली होती. जमवले असतील. फटाके उडताना मीही पाहिले व्हिडिओत, आणि मशिदीत दगड जमवणं चूकच, त्यात पण-बिण काही नाही. पण खाली पडलेल्याला, हात डोक्यावर घेतलेल्याला काठी मारणं ही कुठली सुरक्षा? साडेतीनशेहून जास्त लोक धरले. काल रात्री पुन्हा तेच.

आणि शनिवारची गोष्ट तर ग्रुपवर कोणी टाकलीच नाही. त्याच साखळी दरवाजाशी, रबरबँडच्या गठ्ठ्यांच्या त्या जागी, दक्षिण इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातला २६ वर्षांचा एक बेदुइन अरब तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. डॉक्टरकी शिकलेला. पोलीस म्हणतात, त्याने बंदूक हिसकावली. पाहणारे म्हणतात, एका बाईला पोलीस ढकलत होते, तो मध्ये पडला. जुन्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत. मी त्या गल्लीत मान वर करून मोजत बसले होते. आणि पोलीस म्हणतात, प्रसंगाचं चित्रण नाही. एकाही कॅमेऱ्यात नाही! आमच्या सोसायटीत कोणाचं मांजर लिफ्टमध्ये घाण करून गेलं तर तीन कोनांतून दिसतं.

'आपल्याकडे सिद्धिविनायकालाही मेटल डिटेक्टर आहे, त्यात एवढं काय?' असं एकाने दुपारी लिहिलं. बरं वाटतं ऐकायला. २०१७ च्या जुलैत हाच वाद झाला होता. चौथऱ्यावरून आलेल्या तिघांनी दोन पोलिसांना गोळ्या घालून मारलं. ते दोन्ही पोलीस द्रूझ पंथाचे होते, अरबी बोलणारे, त्यांच्याही घरी आया होत्या. मग सरकारने दारांवर मेटल डिटेक्टर बसवले. लोक आत जाईनात. जवळजवळ दोन आठवडे सिंह दरवाजाबाहेर रस्त्यावर, उन्हात, डांबरावर नमाज पढत राहिले. सरकारला ती यंत्रं काढावी लागली. तेव्हा मीसुद्धा म्हटलं होतं, कसला हा हट्ट, यंत्रच तर आहे. साखळी दरवाजा पाहिल्यावर कळलं. सिद्धिविनायकाच्या दारातला पोलीस उद्या देऊळच मागणार नाही, एवढी खात्री आपल्याला असते. त्यांना नाही. कशी असेल? त्या पोलिसांचा मंत्री आज इतामार बेन-ग्वीर आहे. चौथऱ्यावर ज्यूंना प्रार्थनेचा हक्क हवा, हे तो वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. मंत्री झाल्या झाल्या, ३ जानेवारीला पहाटे बंदोबस्तात वर जाऊन तेरा मिनिटं फिरून आला. ज्याला जागा हवी आहे त्याच्याच हातात दाराची कडी!

आणि हे नवीन आहे का? १९९० मध्ये याच चौथऱ्यावर एका दिवसात सतराहून अधिक माणसं मारली गेली. १९९६ मध्ये पश्चिम भिंतीलगतच्या बोगद्याचं एक दार उघडलं त्यावरून कित्येक डझन मेली. २००० मध्ये इस्रायलचा तेव्हाचा विरोधी पक्षनेता एरियल शेरॉन हजारभर पोलीस घेऊन वर गेला, दुसऱ्या दिवशीपासून जे पेटलं ते पाच वर्षं विझलं नाही. २०२१ मध्ये तर रमजानच्या पहिल्या रात्रीपासून दमास्कस दरवाजाच्या पायऱ्यांवर बॅरिकेड लावली. रोजा सोडल्यावर पोरं जिथे नुसती बसतात, चहा पितात, त्या पायऱ्या. कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे? महिन्याभरात मशिदीत स्टन ग्रेनेड, १० मे रोजी तीनशेहून जास्त जखमी, संध्याकाळी हमासची रॉकेटं, मग अकरा दिवस युद्ध. गाझात अडीचशेच्या वर माणसं गेली, इस्रायलमध्ये तेरा. त्या तेरांत आपली केरळची एक बाई होती, अश्कलोनला एका आजीबाईंची शुश्रूषा करणारी. ती तर कुठल्याच देवाच्या भांडणात नव्हती.

थांबते जरा. चहा करून येते.

आले. मघाशी 'पोरगा ओरडला' म्हणून लिहिलं, ते वाचून वाटलं की अर्धीच गोष्ट सांगितली. त्या रात्री लोदला परत गेले तर मावशीचा नातू सुट्टीवर घरी आलेला. तिथल्या तरुणांना करावी लागते ती सक्तीची सुरक्षादलातली नोकरी चालू होती त्याची, आणि ड्यूटी कुठे, तर जुन्या शहरात, तसल्याच एका दरवाजावर. मावशीने नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण केलं होतं, तो खाली मान घालून जेवत होता. मराठी त्याला 'पुरे' आणि 'आजी' एवढंच येतं. मी त्याला म्हातारीची गोष्ट सांगितली. तो इंग्रजीत म्हणाला, मला अरबी चार शब्द येतात. थांब, कार्ड, परत जा, चल. यात आजीशी काय बोलणार? बारा बारा तास उभा असतो, सगळे द्वेष करतात, कधी पाठीत सुरा बसेल सांगता येत नाही. मग जरा वेळाने म्हणाला, ओरडलं की भीती कमी होते.

मावशी भात वाढता वाढता मध्येच बोलायला लागली. तिकडे गेल्यावर सुरुवातीला धर्मगुरूंनी बेने इस्रायलींच्या लग्नात खोडा घातला होता. तुम्ही खरे ज्यू कशावरून? आई दाखवा, आजी दाखवा, त्याच्या मागची दाखवा. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या, पिढ्यान्पिढ्या शनिवार पाळून तेलाचे घाणे चालवलेल्या माणसांना कागद मागितले! १९६४ मध्ये आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे ते निवळलं. मावशीही बसली होती धरण्याला, कडेवर पोर घेऊन. "मलाबी कागूद मागितला व्हता रे," ती नातवाला मराठीत म्हणाली. त्याला काही कळलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं. त्याने ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला.

'जॉर्डनच्या ताब्यात असताना १९ वर्षं ज्यूंना भिंतीपाशीही येऊ देत नव्हते, ते विसरलात का?' असं कोणीतरी खाली लिहिणारच. नाही विसरले. वाईटच होतं ते. म्हणून आता म्हातारीचं कार्ड टेबलाखाली टाकायचं का?

हे लिहितेय तोवर बातमी आली. लेबनॉनमधून उत्तर इस्रायलवर रॉकेटं, चौतीस म्हणतायत. झालं. मशिदीतल्या मारहाणीचा हिशेब आता तिसऱ्याच देशातून, तिसऱ्याच कोणाच्या घरावर. ही रॉकेटं टाकणाऱ्यांना अल-अक्साचं काही पडलेलं नाही, हेही लिहून ठेवते. आणि ग्रुपवर आत्ता पाहिलं, तर सकाळचेच गृहस्थ रॉकेटांचा व्हिडिओ टाकून 'अब आएगा मजा' म्हणतायत. मजा! काका, तुमच्या मुलाच्या व्हिसाची मुलाखत लांबली तर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. कागदासाठी ताटकळणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायचं?

मावशीला फोन लावावासा वाटतोय. नातू आता सुटलाय त्या नोकरीतून, पण राखीव म्हणून परत बोलावतात पोरांना. पण आज त्यांचा सण आहे, दिवस मावळून पुरता अंधार पडेपर्यंत ती फोनला हात लावत नाही. तिकडे अंधार पडेल तेव्हा इथे सव्वादहा वाजलेले असतील. जागी आहे मी. कमेंट कोणी वाकड्या केल्या तर उत्तर उद्या देईन.

आणि हो, पुस्तिका मिळाली होती परत. चढावाशी परत गेले तेव्हा तो पोलीस बदललेला होता, पण जाताना तिच्यावर माझं नाव लिहून चिकटवून गेला होता.