‘मजुरी मिळते, रेशन फुकट, तरी पोरं काडीसारखी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं: निफाडच्या तुमच्या द्राक्षबागेत दरवर्षी पेठ-सुरगाणा या नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतले मजूर येतात, रोख मजुरी मिळते, रेशन फुकट आहे, तरी त्यांची पोरं काडीसारखी. म्हणजे आईबापच लक्ष देत नाहीत, अंगणवाडीतून मिळणारी पोषण आहाराची पाकिटंही जनावरांपुढे जातात, तेव्हा पोषणाच्या योजनांवर पैसा उधळू नये.

दोष आईबापांचा, हे मला अजिबात मान्य नाही.

रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो गहू-तांदूळ मिळतात. मोठ्यांचं पोट त्यावर भरतं. दीड वर्षाच्या बाळाला मात्र दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, घट्ट आणि तेल-डाळ-अंडं घातलेलं भरवावं लागतं. विरळणीच्या (घडातले जादा मणी काढण्याच्या) दिवसांत सकाळीच बागेत शिरलेल्या बाईला हे कधी जमणार? बाळ बांधावर सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे असतं. तिच्या हाताशी असते पातळ पेज, नाहीतर बिस्किटाचा पुडा.

शिवाय हे सुरू होतं बाळ जन्मायच्या आधीच. कमी वयात लग्न, अंगात रक्त कमी, गरोदरपणातही डोक्यावर हंडा. पेठ-त्र्यंबकमध्ये पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी डोंगर उतरतात. अशा आईचं बाळ अनेकदा कमी वजनाचं जन्मतं. मग गढूळ पाणी, जुलाब, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. दोन वर्षांच्या आत खुंटलेली वाढ पुढे फारशी भरून निघत नाही.

योजनांनी काहीच होत नाही, हेही खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 46.3 टक्के मुलं खुंटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंचीला कमी होती. 2015-16 मध्ये 34.4 टक्के. याच काळात, 2005 मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या कुपोषणविरोधी राजमाता जिजाऊ मिशनने दोन वर्षांखालच्या मुलांवर भर दिला होता. पुढे गाडी अडली: 2019-21 मध्ये 35.2 टक्के. मला यातून योजना बंद करण्याचं कारण दिसत नाही, नेटाने चालवण्याचं दिसतं.

घरी न्यायची पाकिटं जनावरांपुढे जातात, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. चव नाही, आणि घरी गेलेलं सगळ्यांत वाटलं जातं. म्हणूनच आदिवासी भागातली अमृत आहार योजना मला जास्त पटते. गर्भवती आणि बाळंतीण अंगणवाडीत बसून गरम जेवते, ते तिच्याच पोटात जातं. मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. निधी वेळेवर आला नाही तर सेविका दुकानदाराच्या उधारीवर चूल पेटवतात, हे आधी थांबायला हवं.

पण गावात शिजलेलं ताट तुमच्या बागेत पोचत नाही. कुटुंब हललं की मूल वजनाच्या नोंदीतूनही सुटतं. स्थलांतरितांचा माग ठेवणारी प्रणाली राज्याने आणली आहे. ती चालायची तर मूल कुठे आलंय हे कुणीतरी कळवायला हवं. मजुरांची टोळी उतरली की गावातल्या अंगणवाडी सेविकेला तुम्ही फोन करा. त्या मुलांचा तिथे हक्क आहे. आणि फवारणीपासून लांब एक शेड व टोळीतलीच एक बाई, तिची पूर्ण मजुरी धरून, मुलांना भरवायला ठेवा. द्राक्षाच्या एकूण खर्चात ही रक्कम फार नाही. या हंगामात कराल का?